चौथऱ्यापुरता सडा

"अगं, रस्ता केला की!" सुनेत्रा ओरडली आणि तिनं व्हॅन आणखी जोरात हाणली.

मागच्या वर्षी याच चढावर आम्ही दोघींनी खाली उतरून ही व्हॅन ढकलली होती. आता लाल मातीचा रुंद, दाबून बसवलेला रस्ता थेट वर गेला होता. कडेनं पाणी वाहून जायला चरही खोदला होता.

"निवडणूक आली असेल," मी म्हटलं.

"सड्यावर मतं कोण देणार? गेंद?"

आम्ही हसलो. निगुडवाडीच्या सड्यावर त्या दिवसांत खरोखरच गेंदांशिवाय कुणी राहत नव्हतं. गाव खाली, वर फक्त काळा कातळ. पावसाळ्यात त्या कातळावर बोटभर माती आणि तिच्यावर पाण्याचा पातळ थर साचतो, आणि त्या थरात गेंद उगवतात. बारीक दांडी, टोकाला शर्टाच्या बटणाएवढं पांढरं बोंड. लाखांनी असतात. सगळे सारखे दिसतात, पण भिंगाखाली धरले की एकेक जात वेगळी निघते.

मागच्या सप्टेंबरात सुनेत्राला त्या लाखांमध्ये काही वेगळे दिसले होते. बोंड राखाडी, आणि त्याच्या खाली तीन लांब पानं चांदणीसारखी उघडलेली. एका खळग्याच्या काठाला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच रोपं होती. मी त्यांचे पोटावर झोपून फोटो काढले. तिनं एकही उपटलं नाही. "एवढीशी तर आहेत. पुढच्या वर्षी वाढतील, मग घेतो," असं म्हणाली. ती कोल्हापूरची, त्यामुळे स्वतःबद्दल 'मी घेतो, मी येतो' असंच बोलायची. मी नाशिकची, मला पहिले सहा महिने हसू आवरायचं नाही. वसतिगृहात आमची खोली एक, एम.एस्सी.ला विषय एक. पुढे ती वनस्पतींच्या संशोधनात राहिली, मी औषधांच्या कंपनीत प्रयोगशाळेत लागले आणि सुट्टीत कॅमेरा घेऊन तिच्यामागे फिरू लागले.

ते फोटो पाहून तिचे सर खूश झाले होते, आणि नमुना कुठे आहे म्हणून विचारल्यावर संतापले होते.

"फोटो काय भिंतीवर लावायचाय? रोप दाखव. बी दाखव. वाळवलेला नमुना संग्रहात ठेवल्याशिवाय नव्या जातीला नाव मिळत नाही, हे तुला मी शिकवायचं?"

गेंदांच्या जाती शेवटी ठरतात त्या बियांवरून. बी मिठाच्या कणापेक्षा लहान. त्याच्यावरची जाळी सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी लागते. म्हणून या वर्षी सुनेत्रा तयारीनं आली होती. व्हॅनच्या मागच्या बाजूला तंबू, माझी तिवई आणि कॅमेऱ्याची पिशवी, आणि रोपं दाबून वाळवायची तिची प्रेस: दोन लाकडी जाळ्या, मधे वर्तमानपत्रांची चळत, वरून आवळायचे दोन पट्टे.

"नाव मिळालं ना, की हा सडा वाचला," ती वाटेत मला तिसऱ्यांदा सांगत होती. "जगात फक्त इथंच वाढणारी जात म्हटल्यावर कुणाला तरी दखल घ्यावी लागतेच. बिननावाच्या गवतासाठी कोण थांबतंय?"

"आणि नाव काय देणार?"

"निगुडवाडीवरनं. तुझं नाही देत, घाबरू नको."

चढ संपला आणि तिनं ब्रेक मारला.

समोर चिऱ्यांच्या राशी होत्या. लाल, कोरे, एकावर एक नीट रचलेले. त्यांच्या पलीकडे सडा नव्हता, खड्डा होता. घर मावेल एवढा. कडा सुरीनं कापाव्यात तशा उभ्या, तळाला लाल पाणी. खड्ड्याच्या काठावर रूळ टाकलेले होते आणि रुळांवर मोठं गोल पातं असलेलं यंत्र ताडपत्रीखाली झाकून ठेवलं होतं. माणूस कुणी नव्हता.

सुनेत्रा इंजिन बंद न करताच उतरली. मी चावी फिरवली आणि मागोमाग गेले. ती खड्ड्याच्या काठावर उभी राहून आजूबाजूच्या खुणा ताडत होती. दूरची करवंदीची जाळी, तिच्या रेषेत दोन उंचवटे. मग तिनं खड्ड्याच्या मध्यावर, लाल पाण्यावर बोट दाखवलं.

"तिथं होता खळगा," ती म्हणाली.



खालून एक म्हातारी शेळ्या घेऊन आली. तिच्याकडून कळलं, की खाण गावातल्याच भालचंद्र राऊळची. पाऊस लवकर ओसरला म्हणून त्यानं यंदा लवकर सुरू केली. आज त्याच्या घरी पितरांचं श्राद्ध, म्हणून यंत्र बंद. उद्या सकाळी माणसं येतील.

"मग आज आणि उद्या सकाळ आहे आपल्याकडं," सुनेत्रा म्हणाली. "चल."

उरलेला सडा आम्ही संध्याकाळपर्यंत पालथा घातला. दोघींमध्ये एक हात अंतर ठेवून, वाकून, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जायचं आणि परत यायचं. पांढरे गेंद, सीतेची आसवं म्हणतात ती निळी फुलं, कातळावरची पिवळी फुलं, सगळं होतं. राखाडी बोंड नव्हतं. उजेड संपल्यावर तंबू लावायला घेतला, तर खुंट्या कातळात जाईनात. तीन वाकल्या. शेवटी राऊळच्या राशीतले चिरे आणून त्यांना दोऱ्या बांधल्या.

"त्याच्याच दगडाला तंबू," सुनेत्रा म्हणाली. "बघ, भाड्यानं राहिल्यासारखं वाटतंय."

तो तिचा त्या दिवसातला शेवटचा विनोद होता.

सकाळी मी दात घासत उभी होते तेव्हा तिची हाक आली. हाक म्हणजे नुसतं माझं नाव, पण दबक्या आवाजात, जणू काही मोठ्यानं बोललं तर उडून जाईल. "आश्लेषा. पाय जपून टाक."

ती खड्ड्याच्या पलीकडे, नव्या रस्त्याच्या वळणाजवळ गुडघ्यांवर बसली होती. कातळावर एक हलका उंचवटा, त्याच्या पायथ्याशी ताटाएवढ्या जागेत माती आणि पाणी. त्यात इतर पांढऱ्या गेंदांमध्ये एक राखाडी. एकच रोप, एकच दांडी, एकच बोंड. त्याखाली तीन पानांची चांदणी.

मी कॅमेरा आणला. पोटावर झोपले, कोपर पाण्यात, छाती पाण्यात. उजेड पाडायला सुनेत्रानं डब्यातल्या पोळीचा चांदीचा कागद दोन्ही हातांत ताणून धरला. वारा होता. बोंड हलायचं, थांबायचं, पुन्हा हलायचं. मी श्वास रोखून वाट पाहायचे. त्या तासाभरात मी जो फोटो काढला तसा पुढे मला कधी जमला नाही. बोंडावरच्या एकेका फुलाचे केस मोजता येतात.

"झालं?" तिनं विचारलं.

"झालं. आता उपट."

ती भिंगातून बघत होती. "बी भरलेलं नाही अजून. दहा-बारा दिवस लागतील."

"नसू दे. फूल तर मिळेल."

"फुलावरनं सर म्हणणार, जवळच्या जातीचंच असेल, जरा वेगळं वाढलंय. बी पाहिजे. आणि हे उपटलं तर बी नाही, म्हणजे पुढच्या वर्षी रोप नाही. हे शेवटचं असलं तर?"

"मातीसकट उचलूया. डब्यातून नेऊ."

"वाहत्या पाण्याच्या पापुद्र्यावर जगतं हे. साधे गेंद नेऊन बघितलेत मी, तीनदा. दोन दिवसांत कुजतात." तिनं भिंग खिशात घातलं. "बी पिकलं की बोंड घेतो, निम्मं बी इथंच झाडतो. मग दोन्ही होतं. नावपण आणि रोपपण."

"आणि तोवर तो यंत्र चालवणार नाही?"

खालून टेम्पोचा आवाज येत होता.

भालचंद्र राऊळ पन्नाशीचा होता. अंगात बनियन, डोक्याला टॉवेल, कपाळाला ताजं गंध. सोबत पाच-सहा कामगार. आपल्या चिऱ्यांना तंबू बांधलेला पाहून आधी त्याला राग आला असावा, पण चिखलानं भरलेल्या दोन मुली पाहून तो हसला.

"काय गो बायांनो, हयसर काय करतास? रात्रभर हयच व्हतास? लांडगे-बिंडगे खातीत मां!"

"काका, एक विनंती होती," सुनेत्रा म्हणाली. तिनं त्याला उंचवट्यापाशी नेलं. "एवढी जागा सोडाल का? बारा दिवस. फक्त एवढी."

त्यानं खाली पाहिलं. त्याला ते बोंड दिसलं नाही हे मला स्पष्ट कळलं. त्याची नजर उंचवट्यावर होती, तिथे कातळ किंचित वर येऊन गोलसर झाला होता.

"हय काय आसा?"

"हे रोप," सुनेत्रानं बोट केलं. "दुर्मिळ आहे. अभ्यासासाठी..."

"ह्या?" तो वाकला. "गेंद? गेंद खयय गावतत गो. त्या माळावर व्हये तितके घेवा." त्याच्यामागे दोन कामगार हसले. मग तो पुन्हा उंचवट्याकडे बघत राहिला आणि त्याचा आवाज बदलला. "खरा सांगा. तुमी शिकलेले. ह्या कसला स्थान आसा काय? आमचो आजो सांगा, सड्यावर राखणदार आसा, पण खय बसता ता कोणाक ठावक नाय."

राखणदार म्हणजे त्या जागेची राखण करणारा देव. त्याला दुखावून कुणी खाण चालवत नाही, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. सुनेत्रालाही ठाऊक होतं. ती त्याच्याकडे पाहत होती. मी तिच्याकडे.

"तसंच समजा," ती म्हणाली.

राऊळनं डोक्यावरून टॉवेल काढला. कामगारांचं हसणं थांबलं.

"मग आधी सांगूक नको?" तो म्हणाला. "बारा दिस कित्याक? कायमची सोडतंय. दुसऱ्या खाणीतय आमी सोडलेली आसा. चारय बाजूंनी कापूचा, मधी चौथरो ठेवचो. त्येका हात नाय लावचो."

"मी इथंच राहतो बारा दिवस," सुनेत्रा घाईनं म्हणाली. "तंबू आहे. लक्ष ठेवतो."

"तुमी कित्याक रवतास उन्हातान्हात? माझो शब्द आसा." त्यानं छातीवर हात ठेवला. "माझ्या पोरांका बरा-वायट झाला तर? चौथऱ्याक धक्को लागाचो नाय."

आम्ही रोपाभोवती पांढऱ्या गोट्यांचं रिंगण केलं. राऊळनं स्वतः गोटे वेचून दिले. टेम्पोतून नारळ आणून त्यानं तिथं ठेवला आणि हात जोडून, मान खाली घालून त्यानं गाऱ्हाणं घातलं: काय चुकलामाकला आसात तर पदरात घे, ह्या लेकरांची आणि आमची राखण कर. कामगार प्रत्येक वाक्याला 'व्हय महाराजा' म्हणत होते. सुनेत्रानंही हात जोडले होते.

परतीच्या घाटात मी तिला म्हटलं, "खरं सांगून पुन्हा एकदा बघायला हवं होतं."

"सांगितलं की. हसले ते."

"पण तो रोप नाही राखणार, जागा राखणार."

"रोप जागेतच आहे ना?" ती म्हणाली. आणि थोड्या वेळानं, "खोटं कुठं बोललो मी? राखण करायचीच जागा आहे ती."

तिच्या चेहऱ्यावर वर्षभरात पहिल्यांदा जरा निवांतपणा दिसत होता.

घटस्थापनेच्या दुसऱ्या दिवशी आम्ही परत गेलो. बी पिकायला तो नेमका दिवस होता. सुनेत्रानं इतर गेंदांवरून हिशेब बसवला होता. व्हॅनमध्ये ती सारखी बडबड करत होती. बारीक चिमटा आणला होता, बोंड ठेवायला कागदाच्या पुड्या घरी घडी घालून आणल्या होत्या. बी झाडायची जागाही तिनं मनात ठरवली होती: पलीकडचा उतार, जिथं चिरा कच्चा असल्यानं खाण कधी येणार नाही.

चढ संपला तेव्हा मला आधी वाटलं, आपण चुकीच्या सड्यावर आलो. खड्डा वाढून मोठं मैदान झालं होतं, सड्याच्या पातळीपेक्षा पुरुषभर खाली. यंत्राच्या आवाजानं कानठळ्या बसत होत्या आणि हवेत लाल धूळ होती. रस्त्याच्या वळणाजवळ, त्या मैदानाच्या कडेला, एक चौथरा उभा होता. चारी बाजू सरळ, कोपरे काटकोनात. यंत्रानं कापलेला असूनही कुठे टवका उडालेला नव्हता. राऊळनं शब्द तंतोतंत पाळला होता.

आम्हाला पाहून त्यानं हात वर करून यंत्र थांबवलं आणि धावतच आला.

"येवा, येवा! बघा म्हटलेलंय ना? एक चिरो गेलो नाय. आणि सांगतंय तुमका, त्या दिवसापासून एक पाता मोडला नाय, कोणाक खरचाटला नाय. स्थान जागृत आसा."

चौथऱ्याला एका बाजूनं चिऱ्यांच्या पायऱ्या केल्या होत्या. सुनेत्रा दोन-दोन पायऱ्या गाळत वर गेली.

वर गोट्यांचं रिंगण जसंच्या तसं होतं. गोटे धुऊन पांढरे शुभ्र केलेले. रिंगणात जास्वंदीची फुलं, विझलेल्या उदबत्त्या, कुंकवाचं बोट. आणि त्याखाली काळा, कोरडा, स्वच्छ कातळ. मातीचा कणही नव्हता.

ती खाली बसली. तिनं फुलं हळूच बाजूला सारली, जणू त्यांच्याखाली काही असेल.

"काका," मी विचारलं, "इथं माती होती थोडी. गवत होतं."

"व्हय व्हय," राऊळ अभिमानानं म्हणाला. "दोन-तीन दिसांतच सगळा सुकान गेला. चारी बाजूंनी कापला, मग वर पाणी खयसून रवताला? नुसतो कचरो झालेलो. घट बसूच्या आदल्या दिवशी आमच्या हिनं वर येवन सगळा साफ केल्यान. हातान खरवडल्यान, पाण्यान धुतल्यान. देवाची जागा, अशी अस्वच्छ बरी दिसता?"

यंत्र बंद असल्यामुळे फार शांत होतं. सुनेत्राच्या हातात तो बारीक चिमटा होता.

"केर कुठं टाकला?" तिनं विचारलं.

"काय?"

"झाडलेला केर. माती. कुठं टाकली?"

राऊळनं खालच्या बाजूला बोट दाखवलं. जुन्या खड्ड्यातलं लाल पाणी तिथं अजून साचलेलं होतं, त्यावर डिझेलचा तवंग होता.

ती वळून त्याच्याकडे पाहत राहिली. मला वाटलं, आता ती सांगणार. देव नव्हता, रोप होतं, तुमच्या बायकोनं खरवडून टाकलं ते. मला तिच्या ओठांची हालचालही दिसली. राऊळ पायऱ्यांपाशी हात बांधून उभा होता, कौतुकाची वाट पाहणाऱ्या माणसासारखा. त्याच्यामागे कामगार उभे होते. त्यातल्या एकानं चप्पल काढून ठेवली होती.

"छान ठेवलीत जागा," सुनेत्रा म्हणाली.

त्याचा चेहरा उजळला. त्यानं नारळ आणला, पायरीवर फोडला, पाणी रिंगणाभोवती शिंपडलं. मग खोबऱ्याचे तुकडे करून पहिला तिच्या हातावर ठेवला. तिनं तो खाल्ला. चावायला तिला फार वेळ लागला.

संध्याकाळपर्यंत आम्ही पुन्हा उरलेला सडा शोधला. खड्ड्याच्या काठचा चिखलही पाहिला. तिथं गेंदाच्या पानांचा एक वाळका झुबका मिळाला, बोंडाशिवाय. सुनेत्रानं तो भिंगाखाली धरला आणि मला दिला. "वीस जातींपैकी कुठलाही असेल," ती म्हणाली. तिनं तो टाकला नाही आणि प्रेसमध्येही ठेवला नाही. व्हॅनच्या पुढच्या काचेपाशी ठेवला. घाटात खिडकी उघडी होती; गगनबावड्याला चहाला थांबलो तेव्हा तो तिथं नव्हता.

पुढची दोन वर्षं ती पावसाळ्यात त्या भागातले सगळे सडे फिरली. एकटी फिरली, मला सुट्टी नव्हती. काही मिळालं नाही. सरांनी दुसरा विषय दिला, तो तिनं अर्धवट सोडला. आता ती गडहिंग्लजजवळ शाळेत विज्ञान शिकवते. माझा फोटो एका दिनदर्शिकेत छापून आला. खाली ओळ होती: 'गेंद, कोकण.'

गेल्या पावसाळ्यात कामासाठी कणकवलीला गेले होते, तेव्हा वाट वाकडी करून निगुडवाडीला गेले. खाण बंद झालीय. सगळ्या मैदानात पाणी भरलंय, मुलं पोहतात. चौथरा रस्त्याच्या कडेला आहे, वर पत्र्याचं छप्पर, भगवा झेंडा. पाटी लावलीय. एका पोहणाऱ्या मुलाला विचारलं तर म्हणाला, "बायांचा स्थान. दोन बायो इल्ले, तेंनी दाखवल्यानी."

तिथूनच मी सुनेत्राला फोन लावला. वर्गाबाहेर येऊन बोलत असावी, मागे पोरांचा गलका होता. मी कुठे उभी आहे ते सांगितलं. पाटीवरही तेच नाव होतं, तिला ते वाचून दाखवलं. ती हसली नाही.

"वर माती साचली का गं?" तिनं विचारलं. "इतक्या वर्षांत थोडी तरी साचली असेल. वाऱ्यानं येते. बी बारीक असतं, कुठंतरी राहिलं असलं तर..."

मी पायऱ्या चढून वर पाहिलं.

"लाद्या बसवल्यात," मी म्हटलं. "पांढऱ्या."

गलका वाढला होता. ती कुणाला तरी गप्प बसायला सांगत होती.

"बरं," ती म्हणाली. "ठेवतो. तास आहे माझा."